पाटणादेवीला जाताय ना, मग नागार्जुन कोठडीपर्यंत चढूनच या

खान्देशातल्या बऱ्याच घरांसारखं आमचंही पाटणादेवीला जाणं लहानपणापासूनचं. कुणाचं जाऊळ, कुणाचा नवस, लग्न झालं की नवं जोडपं पाया पडायला, असं काहीतरी निमित्त असायचंच. टेम्पोत सतरंजी टाकून जायचं, देवीचं दर्शन, मग नदीकाठी वरणबट्टीचा स्वयंपाक, दुपारी झाडाखाली आडवं व्हायचं आणि संध्याकाळी परत. बाजूच्या डोंगराकडे बोट दाखवून मी विचारायचो तिथे वर काय आहे, तर मोठी माणसं म्हणायची काही नाही रे, दगडं आहेत, खाली बस. पुढे पंचविशी उलटल्यावर एकदा चढून गेलो तेव्हा कळलं की तिथे डोंगराच्या पोटात कोरलेलं जुनं देवस्थान आहे, वर किल्ला आहे आणि तिथून जे दिसतं ते खान्देशात दुसरीकडे मी तरी पाहिलं नाही. तेव्हापासून वर्षातून दोनतीनदा जातो आणि दर वेळी कुणातरी नवीन माणसाला घेऊन जातो. त्यांचे प्रश्न तेच तेच असतात, चप्पल चालेल का, आई चढू शकेल का, किती वेळ लागेल, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय.

आधी नावांचा घोळ मिटवू. पाटणादेवी म्हणजे चंडिकादेवीचं मंदिर, चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटरवर, सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी. अलीकडचं गाव पाटणे. हा सगळा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो, १९८६ साली जाहीर झालेलं, क्षेत्र २६० चौरस किलोमीटरच्या आसपास. मंदिराजवळच्या डोंगरावर जो किल्ला आहे तो कण्हेरगड, आणि त्याच्या चढावर वाटेत लागते ती नागार्जुन कोठडी. नाशिककडे पण एक कण्हेरगड आहे, मोबाईलच्या नकाशात नुसतं कण्हेरगड टाकून निघालेला एक मित्र भलतीकडेच निघाला होता, तेव्हा पत्ता टाकताना पाटणादेवी चाळीसगाव असंच टाका.

दिवस कोणता धरायचा

माझ्या मते सप्टेंबरचा शेवट ते जानेवारी. त्यातही दिवाळीनंतरचे पंधरा-वीस दिवस सगळ्यात छान, हवा स्वच्छ असते, झऱ्यांना थोडं पाणी असतं आणि सीताफळं पिकलेली असतात. पण त्याच दिवसांत एक त्रास असतो तो आधीच सांगतो, कुसळी गवत. कमरेएवढं वाढून वाळलेलं असतं आणि त्याची कुसळं मोज्यातून, पँटच्या शिवणीतून आत घुसतात आणि स्क्रूसारखी फिरत फिरत कातडीपर्यंत जातात. उपटून काढलं तर टोक आतच राहतं. त्यामुळे जाळीचे स्पोर्ट शूज आणि लोकरी मोजे अजिबात नको, गुळगुळीत कापडाची फुल पँट घाला, तिची पायथळ बुटावर येईल अशी, आणि थांबाल तिथे पाच मिनिटं खाली बसून कुसळं काढत चला. हे काम कंटाळवाणं आहे पण नाही केलं तर उतरताना दर पावलाला टोचतं.

जुलै-ऑगस्टला लोकं धबधब्यांसाठी येतात, केदारकुंड, धवलतीर्थ, सगळीकडून पाणी कोसळत असतं, डोळ्यात मावत नाही इतकं हिरवं. खाली फिरायला तो काळ उत्तमच. पण गडाच्या कोरीव पायऱ्यांवर तेव्हा शेवाळ असतं आणि ढग उतरला तर वाट दहा पावलांपुढे दिसत नाही, म्हणून पहिल्यांदाच जाणाऱ्याने पावसाळ्यात वर जाऊ नये असं मी स्पष्ट सांगतो. कुंडात पोहायला उतरू नका. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाण्याचा लोंढा येतो, आणि ओल्या दगडावरून पाय सटकला तर धरायला काही नसतं.

मार्चनंतर ऊन. खान्देशचं ऊन कुणाला सांगायला नको, एप्रिल-मे मध्ये ४२ ते ४५ पर्यंत पारा जातो आणि कातळ तर त्याच्याहून तापतो. फेब्रुवारीच्या अखेरीला पळस फुलतो तेव्हा मात्र एक सकाळ काढण्यासारखी असते, फक्त पहाटे निघून दहाच्या आत खाली या.

नवरात्रात प्रचंड गर्दी असते. देवीसाठी यायचं तर जरूर या, गडासाठी त्या दिवसांत नको.

पोचायचं कसं

रेल्वे सगळ्यात सोपी. चाळीसगाव हे मनमाड-भुसावळ मेन लाईनवरचं जंक्शन आहे, मुंबईकडून, नाशिककडून, जळगावकडून गाड्या आहेत आणि धुळ्याहून वेगळी फाट्याची लाईन येते. स्टेशनवरून पुढे एसटी किंवा रिक्षा. एसटीचं एवढंच की जायची गाडी मिळाली म्हणून निश्चिंत होऊ नका, बसस्टँडच्या चौकशी खिडकीवर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून मगच बसा. चार-पाच जण असाल तर रिक्षा किंवा जीप येऊन-जाऊन ठरवलेली परवडते, आणि ड्रायव्हरला सांगून ठेवा की आम्ही गड चढणार आहोत, चार-पाच तास लागतील, नाहीतर तो दर्शनाच्या हिशोबाने दीड तासात हॉर्न वाजवायला लागतो.

स्वतःची गाडी असेल तर जळगावहून अडीच-तीन तास धरा, धुळ्याहून दीड तासाच्या आसपास. पेट्रोल चाळीसगावलाच भरा, कॅश तिथेच काढा, आणि घरी फोन करायचा असेल तो पण तिथूनच, कारण पाटण्याच्या पुढे रेंज येते-जाते, डोंगराच्या कुशीत तर जातेच. कुणासोबत जाताय आणि किती वाजेपर्यंत परत याल हे घरच्यांना सांगून ठेवा.

वनखात्याच्या गेटवर

अभयारण्य आहे म्हणून देवळाच्या अलीकडे वनखात्याची चौकी लागते. तिथे नोंद होते, थोडी फी असते, ती द्या आणि पावती खिशात ठेवा. आता महत्त्वाचं, तिथे नुसती पावती घेऊन पुढे पळू नका, दोन मिनिटं उभे रहा आणि विचारा, दादा गडाची वाट आता कशी आहे, काही जनावर दिसलंय का दोन दिवसांत. या जंगलात बिबट्या आहे, आणि चौकीवरच्या माणसाला रोजचं माहिती असतं. परवानगी नाही म्हणाले तर ऐकायचं, हुज्जत घालायची नाही. वाट दाखवायला गावातलं कुणी मिळत असेल तर पहिल्या खेपेला घ्याच, त्यांना बरे पैसे द्या. गुगलच्या नकाशावर इथल्या वाटा नाहीत आणि ढोरवाटा इतक्या आहेत की कुठली गडाची आणि कुठली बकऱ्यांची हे नवख्याला कळत नाही.

हे मी अनुभवाने सांगतोय. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा वाट माहिती आहे म्हणून कुणालाच विचारलं नाही. सोबत मावसभाऊ आणि त्याचा नऊ वर्षांचा मुलगा. अकरा वाजता चढायला लागलो, तिघांत मिळून दोन लिटर पाणी. एका ढोरवाटेने अर्धा तास चालल्यावर समोर घळ आली, पुढे रस्ताच नाही. मागे फिरलो, दुसरी वाट धरली, ती पण काट्यात गेली. पाणी संपलं, पोराचा चेहरा लाल झाला आणि तो बोलायचा बंद झाला, तेव्हा माझे हातपाय गार पडले. एक म्हातारे आजोबा बकऱ्या घेऊन वरून उतरत होते, त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि पहिलं काय विचारलं तर, "पानी लिधं का रे भो?" म्हणजे पाणी घेतलंय का. त्यांच्या खांद्याला ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली होती, त्यांनी आधी पोराला पाजलं, मग त्याच्या डोक्यावर ओंजळभर ओतलं, सावलीत बसवलं आणि अर्ध्या तासाने आम्हाला खाली आणून सोडलं. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "ऊन व्हवाना पहिले वर जावानं, ऊन व्हयनं का खाले." तेव्हापासून माझा नियम तोच आहे. माणशी तीन लिटर पाणी, आणि चढाईची सुरुवात सातच्या आत.

खाली बघायचं ते आधी की नंतर

दोन देवळं आहेत आणि दोन्ही बघायची. देवीचं मंदिर डोंगरी नदीच्या काठी, उंच चौथऱ्यावर, काळ्या दगडाचं. सकाळी लवकर पोचलात तर आधी देवीला हात जोडून निघा, निवांत दर्शन उतरल्यावर करा.

या देवळातला शिलालेख म्हणजे आपल्या खान्देशचं केवढं मोठं वैभव आहे हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. भास्कराचार्य, लीलावतीवाले, त्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धांतशिरोमणी लिहिला, लीलावती हा त्याचाच पहिला भाग, पुढे बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी होता आणि नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. या नातवाने शके ११२८ च्या सुमारास, म्हणजे आठशे वर्षांपूर्वी, इथे पाटणला एक मठ काढला, कशासाठी तर आजोबांचे आणि त्यांच्या घराण्याचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. इथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेव राजाने त्याला दान दिलं, आणि ते सगळं दगडावर कोरून ठेवलं. लेख बहुतेक संस्कृतात आहे पण शेवटच्या ओळी चक्क मराठीत आहेत, जुन्या मराठीत, "इयां पाटणीं" अशी सुरुवात. बाजारात जो माल येईल त्यातला वाटा मठाला द्यायचा, असा तो मजकूर. म्हणजे संस्कृत पंडितांसाठी आणि व्यापाऱ्याला, तेल्याला कळायचं ते मराठीत. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला.

एक गैरसमज नेहमी होतो म्हणून सांगतो, हा चांगदेव वेगळा आणि वाघावर बसून ज्ञानेश्वरांना भेटायला गेलेले योगी चांगदेव वेगळे. मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव आहे ते त्या योगी चांगदेवांचं. दोन्ही आपल्या जळगाव जिल्ह्यात, त्यामुळे लोक एकच समजतात.

दुसरं देऊळ महादेवाचं. हे बऱ्याच जणांच्या नजरेतूनच सुटतं, कारण ते देवीच्या देवळापासून बाजूला आहे आणि गडाची वाट त्याच बाजूने जाते. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, हेमाडपंती, भिंती अशा कोनाकोनात मुडपलेल्या की सकाळच्या तिरप्या उन्हात एक पट्टा उजेड आणि एक पट्टा सावली असं चारी बाजूंनी फिरतं. इथेही लेख आहे, शके १०७५ म्हणजे इ.स. ११५३ चा. इंद्रराज नावाच्या निकुंभ राजाने हे देऊळ बांधायला घेतलं आणि ते पुरं व्हायच्या आधी तो वारला, मग त्याची राणी श्रीदेवी हिने मुलगा लहान म्हणून स्वतः राज्य सांभाळलं आणि देऊळ पूर्ण करून घेतलं. मी सोबतच्या बायकांना हे सांगतो तेव्हा त्या पुन्हा मागे फिरून देऊळ बघतात. माझी आई तर चौथऱ्याच्या दगडावर हात ठेवून उभी राहिली होती, म्हणाली एवढा डोंगर उरावर घेऊन केलं असेल हे काम तिने.

आई-बाबांना गुडघ्याचा त्रास असेल तर त्यांनी इथपर्यंतच यावं. सावली आहे, बसायला जागा आहे, आणि हे दोन देवळांचं बघणं एका दिवसाला पुरेसं आहे. त्यांना एकटं मात्र सोडू नका, माकडं खूप आहेत आणि पिशवीवर झडप घालतात. प्रसादाचा नारळ, केळी पिशवीच्या तळाशी ठेवा.

चढ

महादेव मंदिराकडून वाट झाडीत शिरते. सुरुवातीला सपाट, मग एकदम छातीवर येते. धावडा, सालई, अंजन, पळस, मधेमधे सीताफळाची झुडपं. पहिली वीस मिनिटं सगळ्यांनाच दम लागतो, त्यात लाजायचं काही नाही, हळू चाला, बोलू नका, नाकाने श्वास घ्या आणि दर दहा मिनिटांनी दोन घोट पाणी प्या, तहान लागायची वाट बघू नका. ज्याला सगळ्यात जास्त दम लागतो त्याला पुढे ठेवा आणि बाकीच्यांनी त्याच्या चालीने चालायचं. कॉलेजची पोरं पुढे पळतात आणि एखादी मुलगी किंवा जाडजूड भाऊ मागे एकटा राहतो, वाटा चुकतात त्या अशाच.

अजून एक गोष्ट, कड्यांना आग्यामोहळं असतात. सेंट, डिओ मारून येऊ नका, विडी-सिगारेट पेटवू नका, दगड भिरकावू नका आणि ब्लूटूथ स्पीकर तर घरीच ठेवा. माशा उठल्या तर पळायलाही जागा नसते. जंगलात शांत राहिलात तर बक्षीस पण मिळतं, एकदा मोर आमच्यापासून पंधरा पावलांवर वाट ओलांडून गेला, पिसारा गवतातून ओढत, आणि तो सळसळ आवाज अजून कानात आहे.

बूट पकडवाले हवेत. सँडल, चप्पल, फॅन्सी काही नको. काठी घ्या, वाळलेली एखादी खाली पडलेली मिळतेच, झाड तोडू नका.

नागार्जुन कोठडी

अर्धापाऊण तासात कातळाला लागून कोठडी येते. घाईने फोटो काढून पुढे सरकतात ते मला फार लागतं, म्हणून इथे कसं थांबायचं ते सांगतो.

आधी बूट बाहेर काढा. सांगणारं कुणी नसतं, पाटी नसते, तरी काढा. नाव नागार्जुन असलं तरी हे जैन लेणं आहे, आत भिंतीत तीर्थंकर ध्यानाला बसलेत, ज्याला त्याला ते देवच आहेत. पुढे खांबांची छोटी ओसरी, आत एक खोली, बस एवढंच. वेरूळ बघून आलेल्यांना वाटेल हे काय एवढंसं, पण हे एवढंसं असण्यातच सगळं आहे. पाच-सात माणसं बसली की भरतं. उन्हातून आत गेल्यावर आधी काहीच दिसत नाही, नुसता अंधार आणि वटवाघळांचा वास, तेव्हा लगेच टॉर्च मारू नका. भिंतीला पाठ न लावता खाली बसा, पाचेक मिनिटं काही बोलू नका. मग अंधार हळूहळू फिकट होतो, आधी गुडघे दिसतात, मग मांडीवर एकावर एक ठेवलेले हात, मग खांदे, आणि सगळ्यात शेवटी चेहरा. नाक झिजलंय, ओठ अजून स्पष्ट आहेत. दर वेळी मी हे बघायलाच चढतो. मोबाईलचा फ्लॅश मारणाऱ्याला हा चेहरा एका सेकंदात दिसतो आणि तो पुढे जातो.

भिंतीवर नावं कोरलेली दिसतील, बदाम काढलेले दिसतील, खडूची, कोळशाची. ते बघून पोटात तुटतं. कुणी तुमच्यासमोर लिहीत असेल तर हात जोडून थांबवा, मी दोनदा थांबवलंय आणि दोन्ही वेळा पोरं ओशाळून थांबली, शिव्या द्याव्या लागल्या नाहीत. मूर्तीला गुलाल, तेल, हळद काही लावू नका, अगरबत्ती लावू नका, खायचं आत काढू नका. हाताने मूर्ती चोळू पण नका.

मग ओसरीत येऊन बसा आणि बाहेर बघा. खाली पाटणादेवीची दरी, झाडीचा एक गच्च वाडगा, तिन्ही बाजूंनी काळे कडे. मला इथे बसलं की खालचा तो मठ आठवतो. आठशे वर्षांपूर्वी खाली पोरं लीलावतीतली गणितं घोकत असतील, भुंग्यांची, हंसांची, आणि वर कुणी एक साधू या दगडात गप्प बसलेला असेल. एकाच डोंगराखाली शैवांचं देऊळ, देवीचं ठाणं, जैनांचं लेणं आणि गणिताची शाळा. इथे बसून मुलांना हे सांगा, गोष्टीसारखं. त्या नऊ वर्षांच्या पोराला पुढच्या वर्षी नीट पाणी घेऊन इथे आणला तेव्हा त्याने विचारलं, काका त्यांना पण पाढे पाठ करायला लागायचे का?

पुढे सीतेची न्हाणी म्हणून अजून एक कोरलेली खोली आहे, साधीच आहे पण बघा. आणि डोंगराच्या दुसऱ्या अंगाला शृंगार चावडी आहे, तिथली वाट अवघड आहे, वाटाड्या नसेल तर पहिल्या खेपेला सोडून द्या.

माथा

ज्यांना कोठडीपर्यंत येऊनच पाय थरथरायला लागलेत त्यांनी इथूनच परत फिरावं, कमीपणा नाही. बाकीच्यांनी पुढे कोरीव पायऱ्यांनी वर जायचं. पायऱ्या झिजलेल्या आहेत, एका वेळी एकानेच चढा, पाठीवरची बॅग घट्ट बांधा आणि लहान मुलाच्या खाली एक मोठा माणूस ठेवा. वर दरवाजाचे अवशेष, पाण्याची टाकी, थोड्या भिंती, आणि गवत. टाक्यातलं पाणी प्यायचं नाही, हिरवं असतं.

उत्तरेकडे तोंड करून उभे रहा. पायाखालचा डोंगर संपतो आणि तिथून खान्देश सुरू होतो, एकदम सपाट, कपाशीची, उसाची, केळीची चौकोनी शेतं, कुठे शेततळं चमकतं. दिवाळीनंतरच्या स्वच्छ सकाळी नजर थकेपर्यंत सपाटच दिसतं. मागे वळलात की त्याच्या अगदी उलटं, उभे कडे, दऱ्या, वरचं मराठवाड्याचं पठार. त्याच कड्याच्या बाजूला पितळखोऱ्याची लेणी आहेत, इसवीसनाच्या आधीपासूनची, ती वेगळ्या दिवसाची गोष्ट, एकाच दिवशी दोन्ही करायला जाऊ नका.

माथ्यावर कड्याच्या अगदी टोकाला जाऊन सेल्फी नको. वारा अचानक येतो आणि वाळलेल्या गवताखाली सुटे खडे असतात, पाय गोट्यांवर ठेवल्यासारखा सरकतो. टोकापासून दोन माणसांच्या लांबीचं अंतर ठेवा, तिथूनही सगळं तेवढंच दिसतं.

खायला वर जड काही नेऊ नका. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि काकडी नेतो. मीठ-साखरेचं पाणी एका बाटलीत वेगळं. सालं, कागद, पिशव्या सगळं परत खाली आणायचं, केळीचं सालसुद्धा, माकडांना सवय लागते.

उतरताना

दहा-साडेदहाला उतरायला सुरुवात करा. उतार सोपा वाटतो म्हणून लोकं धावतात आणि घोटे तिथेच मुरगळतात. पायऱ्यांवर तोंड कातळाकडे करून, बाळ जिन्यावरून उतरतं तसं उतरा. गुडघे किंचित वाकवून, छोटी पावलं. उतरताना फाटे चुकीचे धरले जातात, म्हणून चढतानाच दर फाट्यावर मागे वळून बघायची सवय ठेवा, कारण तीच वाट परतताना वेगळी दिसते. वाट चुकलीच तर अंदाजाने घळीत उतरू नका, शेवटची ओळखीची जागा गाठा आणि तिथून परत सुरू करा. सूर्य मावळायच्या खूप आधी गेटच्या बाहेर असायला हवं, संध्याकाळी जनावरं पाण्यावर येतात आणि ती वेळ त्यांची आहे.

खाली आल्यावर हातपाय धुऊन देवीचं निवांत दर्शन घ्या. ओटीचं सामान मंदिराबाहेर मिळतं. मग जेवण. सोबत मोठा गोतावळा असेल आणि खाली थांबलेल्यांनी वरणबट्टी लावली असेल तर त्यासारखं सुख नाही, पण चूल जिथे परवानगी आहे तिथेच पेटवा, वाळलेल्या जंगलात एक ठिणगी पुरते, आणि निघताना पाणी ओतून राख हाताने चाचपून बघा. नाहीतर चाळीसगावला या, शेवभाजी आणि भाकरी कुठेही चांगली मिळते, हिवाळा असेल तर भरीत आणि कळण्याची भाकरी मागा.

गाडीला वेळ असेल तर स्टेशनजवळच केकी मूस यांचं घर आहे, आता तिथे संग्रहालय आहे. १९१२ ते १९८९ असं त्यांचं आयुष्य, फोटोग्राफर आणि चित्रकार, आणि त्यातली जवळपास पन्नास वर्षं ते त्या घराबाहेर क्वचितच पडले. त्यांचे टेबलावर मांडून काढलेले फोटो बघा, कापूस आणि काड्या वापरून अख्खा बर्फाळ डोंगर उभा केल्यासारखा वाटतो. उघडं आहे का ते आधी विचारून घ्या.

जाताना कुणाला शंका असली तर विचारा, मी बहुतेक दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी परत जातोय, सहाला चाळीसगाव स्टँडवर. पाणी आपापलं, माणशी तीन लिटर.